तांदळाच्या डब्यातला शिक्का

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की पोटापाण्याचा विचार बाजूला सारून त्याला आपल्या तत्त्वाच्या बाजूने उभं राहावं लागतं. माझ्या आयुष्यात हा क्षण मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला आला. तो आला तेव्हा मी उभी नव्हते. शाळेच्या स्वयंपाकखोलीत उकिडवी बसून, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून, मी शाळेचा गोल शिक्का शोधत होते.

शिक्का तांदळात का होता हे सांगण्याआधी शाळेबद्दल सांगायला हवं.

नाशिकला, सातपूरच्या बाजूला एका कामगार वस्तीत आमची पहिली ते चौथीची सरकारी मराठी शाळा होती. इमारत दोन मजली. खालच्या मजल्यावर मुलं आणि वरच्या मजल्यावर पारवे, आणि दरवर्षी पारवे वाढत. शिकवायला आम्ही तिघं: मुख्याध्यापिका, एक सर आणि मी. सर बहुतेक दिवस सर्वेक्षणावर असत. कसलं सर्वेक्षण म्हणून विचारलं की म्हणत, "यंदा शौचालयं." पुढच्या वर्षी, "यंदा मतदार." मुलांना ते पाहुण्यासारखे वाटत, आले की मुलं उभी राहून नमस्कार करायची. उरलेल्या दोन बायकांत चार वर्ग. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून.

रस्त्याच्या पलीकडे इंग्रजी शाळा होती. तिच्या दारात फायबरचा एक जिराफ उभा असे. शिक्षणाशी जिराफाचा काय संबंध, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण आमच्या हजेरीपटावरची निम्मी मुलं त्याने एकट्याने नेली. आमच्याकडे दारात हातपंप होता. तो बंद होता.

मुलांची संख्या, म्हणजे पट, एका मर्यादेच्या खाली गेला की शाळा बंद होते. कॅनॉलपलीकडची शाळा अशीच नऊ वर्षांपूर्वी बंद पडली. तिचं सामान आमच्याकडे आलं: काही बाकं, आफ्रिकेच्या जागी पोचा आलेला पृथ्वीगोल, आणि पॅड, टाचण्या, शिक्के असं किडूकमिडूक भरलेलं एक खोकं. ते खोकं पाहून आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, इतकंच म्हणाल्या होत्या, "आपलं सामान कुठे जाईल हो?" त्या दिवसापासून आमच्या शाळेचं एकच ध्येय उरलं. आलेलं मूल जाऊ द्यायचं नाही.

मूल जातं ते शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. दाखले लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे दाखले न देण्याची पद्धतही मीच बसवली. तिचा मला अभिमान नाही, पण पद्धत चांगली होती. पालक पहिल्यांदा आला की मोठ्या बाई मीटिंगला गेलेल्या असायच्या. दुसऱ्यांदा आला की छापील फॉर्म संपलेले असायचे. तिसऱ्यांदा शिक्का सापडायचा नाही. आता, मुलांसमोर खोटं बोलायचं नाही ही माझी अट होती, त्यामुळे शिक्का खरोखरच सापडणार नाही अशा जागी ठेवणं भाग पडलं, आणि खिचडीच्या तांदळाच्या डब्याइतकी चांगली जागा शाळेत दुसरी नव्हती. चौथ्यांदा आलेल्या आईला "वडिलांना घेऊन या" असं सांगायचं, कारण वडील येत नाहीत. यातूनही कोणी पाचव्यांदा आलंच, तर त्याला खुर्ची द्यायची आणि चहा पाजायचा. पाचव्या फेरीला माणूस इतका दमलेला असतो, की चहा संपता संपता "राहू द्या मग इथंच" असं स्वतःच म्हणतो.

या पद्धतीचा एकच तोटा झाला. शिक्क्याच्या मधोमध, जिथे शाळेचा क्रमांक असतो (कडेची अक्षरं सगळ्या सरकारी शाळांची सारखीच), तिथे तांदळाचा एक दाणा रुतून बसला. आमच्या प्रत्येक कागदावर निळ्या वर्तुळाच्या मधे एका दाण्याची पांढरी आकृती उमटे. तो काढावा असं कोणालाच कधी वाटलं नाही. क्रमांक आम्हाला पाठ होता.

तर, मार्चमध्ये एक बाई दाखला मागायला आली. सुरगाण्याकडची. नवरा-बायको दोघंही पाथर्डी फाट्याजवळ एका बांधकामावर होते, आणि मुलगी माझ्याकडे तिसरीत होती. साइट बदलली की मुलीची शाळा बदलते, म्हणून तिला गावाकडच्या आश्रमशाळेत टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. निर्णय शहाणपणाचा होता. मी तिला सांगितलं, मोठ्या बाई मीटिंगला गेल्यात.

तिसऱ्या फेरीला ती दारातूनच म्हणाली, "घावला का बाई शिक्का?"

"नाही हो. सगळीकडे शोधलं."

"रोजचा खाडा व्हतो माझा. मी शोधू का?"

"तुम्ही?"

"मला घावतं. साइटवर मुकादमाचं घड्याळ वाळूत पडलं व्हतं. दोन ट्रक वाळू. मीच काढलं." आणि तिने पदर खोचला, चपला दाराबाहेर काढल्या आणि माझं कपाट रिकामं करायला सुरुवात केली. मुलगी वर्गातून उठून आईच्या मदतीला आली. मग सगळी तिसरी आली. मग चौथी. शाळेचा हरवलेला शिक्का शोधायला तीसेक माणसं जमिनीवर रांगू लागली. एक मुलगा पृथ्वीगोलाच्या आत बघत होता.

मला ते पाहवेना. मी स्वयंपाकखोलीत गेले, तांदळात हात घातला, शिक्का काढला आणि दाखला देऊन टाकला. बाई मला नमस्कार करून गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "कुठे सापडला?"

"तांदळात."

"तांदळात शोधायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

तिथेच माझ्या लक्षात आलं, की ज्या शाळेत मुलं टिकवायला शिक्का लपवावा लागतो तिथे मी राहता कामा नये. संध्याकाळी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला.

इथे एक किरकोळ तपशील सांगायचा राहिला. जिराफवाल्या शाळेला मराठीची शिक्षिका हवी होती आणि दोन आठवड्यांपूर्वीच त्यांनी मला विचारलं होतं. मी खोली बघून आले होते. खुर्चीला चाकं होती. तत्त्व आणि खुर्ची एकाच महिन्यात आयुष्यात आली हा योगायोग. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "पेन्शन बसते ना? मग तत्त्वाला माझी हरकत नाही."

तीन महिन्यांची नोटीस होती. उन्हाळ्याच्या सुट्टीसकट ती जूनच्या मध्यावर संपली. वरच्या ऑफिसातून मंजुरीही आली. शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी माझा निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. प्रमुख पाहुणे म्हणून वॉर्डातले एक पुढारी आले होते. त्यांनी मला दीपस्तंभ म्हटलं. नाशिकला समुद्र नाही, पण इथून निवृत्त होणारा प्रत्येक शिक्षक दीपस्तंभ असतो. माझ्या ज्ञानदानाबद्दल ते वीस मिनिटं बोलले, आणि शेवटी माझं आडनाव त्यांनी शेजारच्या सरांना विचारून घेतलं. मोठ्या बाई भाषण करायला उठल्या, "बाई..." एवढं म्हणाल्या आणि बसल्या. मला भरून आलं. त्या गप्प का बसल्या हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

जिराफवाल्या शाळेत त्या आठवड्यानंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. नाही झालात तर यादीतल्या दुसऱ्या बाईंना बोलवू, असं त्यांनी हसतमुखाने सांगितलं होतं. रुजू होताना एक कागद लागणार होता: आमच्या शाळेने मला कामातून मोकळं केल्याचं, म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र, मोठ्या बाईंच्या सहीचं आणि गोल शिक्क्याचं. पाच ओळींचं काम होतं. मी समारंभानंतरच्या सोमवारी सकाळीच ते न्यायला गेले.

मोठ्या बाई मीटिंगला गेल्या होत्या.

मी काही संशय घेतला नाही. आलेच आहे तर म्हणून तिसरी-चौथी घेतली. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही तर गेल्या ना? मी रडले पण होते."

"उद्या जाते," मी म्हणाले.

मंगळवारी शाळेचे छापील कागद, ज्यांवर अशी पत्रं लिहितात, ते संपले होते. मोठ्या बाईंनी रिकामा गठ्ठाच दाखवला. तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. बुधवारी मी स्वतः कागद छापून नेले. मोठ्या बाईंनी शांतपणे पत्र लिहिलं, सही केली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शिक्का सापडत नाहीये हो."

मी सरळ स्वयंपाकखोलीत गेले. खिचडी करणाऱ्या मावशी तिथे कांदा चिरत होत्या. मी तांदळाच्या डब्यात हात घातला. तळापर्यंत घातला. मग डाळीच्या, मग हळदीच्या, मग मिठाच्या.

"काय शोधता बाई?" मावशींनी विचारलं.

"तुम्हाला माहितीये काय शोधते ते."

"मला काय म्हाईत? मी खिचडी करते." मावशी वणीजवळच्या खेड्यातल्या. खोटं बोलताना त्यांचा आवाज एकदम भाविक होत असे. "चव घेऊन बघा, मीठ बरोबर हाय का."

मी चव घेतली. मीठ बरोबर होतं. गोल शिक्क्याशिवाय कार्यमुक्तीचं पत्र म्हणजे नुसता हस्ताक्षराचा नमुना, आणि तो पर्समध्ये घेऊन मी पुन्हा वर्गावर गेले.

गुरुवारी मोठ्या बाई माझ्या नजरेला नजर न देता म्हणाल्या, "मिस्टरांना घेऊन या."

"मॅडम, ही पद्धत मी बसवलीये."

"चांगली बसवलीये," त्या म्हणाल्या. "घेऊन या."

पद्धतीचा पायाच असा, की बोलावलेला पुरुष येत नाही. पण माझे मिस्टर आले. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. ऑफिसात मोठी खुर्ची एकच, त्यामुळे त्यांना मुलांच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते. मोठ्या बाईंनी हजेरीपट समोर ओढला आणि पालकसभेत बोलतात त्या आवाजात सुरुवात केली.

"तशा हुशार आहेत. नाही म्हणायला जागा नाही. पण साहेब, लक्ष बाहेर असतं."

"घरीही तेच आहे," मिस्टर म्हणाले.

"रस्त्यापलीकडे बघत बसतात."

"लहानपणापासूनची सवय असेल. मी लग्नानंतर ओळखतो."

"तुम्ही घरी थोडं समजावलंत तर एवढं वर्ष इथे निघून जाईल. मग पुढच्या वर्षी बघू."

"मी समजावतो," मिस्टर गंभीरपणे म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांना वाटलं मी बसायला जागा मागते आहे, म्हणून ते सरकले. मी बसले. तिसरीची पोरं खिडकीतून बघत होती. बाईंच्या पालकांना बोलावलंय ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत वस्तीत पोचली, आणि संध्याकाळी भाजीवाल्या मामूंनी मला काळजीने विचारलं, "क्या हुआ बाई, नापास किया क्या?"

शनिवारी सकाळची शाळा. मी ऑफिसात गेले तर टेबलावर दोन कप चहा वाफाळत होता आणि मोठी खुर्ची माझ्यासाठी सरकवलेली होती. मला खरंच दमल्यासारखं झालं. मी बसले. चहात आलं होतं.

मोठ्या बाईंनी आपला कप पुढे ओढला. मग म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर चौथी कोणाला देऊ? सर कुत्री मोजतायत."

"कुत्री?"

"यंदा कुत्री." त्यांनी बशी फिरवली. "मी ऑफिसला विचारलं, बदली शिक्षक द्याल का. ते म्हणाले, पट बघून सांगू. पट बघितला तर शिक्षक देणार नाहीत, शाळाच नेतील. दोन वर्षं राहिलीयेत माझी. मला ते खोकं भरायचं नाहीये, बाई. बाकी काही नाही."

चहा चांगला होता. खिडकीबाहेर जिराफ दिसत होता आणि पावसाने त्याचा एक कान उडाला होता. मला आठवतं, "राहू द्या मग, एवढं वर्ष" हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पद्धत किती चांगली होती हे मला तेव्हा समजलं.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. सुरगाण्याची ती बाई, मुलीचा हात धरून.

"बाई, परत घेता का हिला?"

"आश्रमशाळेचं काय झालं?" मी विचारलं.

तिने कमरेच्या पिशवीतून माझा मार्चमधला दाखला काढला. घडीवर फाटला होता. "तिथल्या सायबानं घेतला नाय. म्हणला, शिक्क्यात शाळेचा नंबरच दिसत नाय. दाणा दिसतो. दुसरा आणा म्हणला. मी म्हणलं, एक आणायला तीन खाडे झाले, आता दुसरा कोण आणणार? ऱ्हाऊ द्या इथंच."

म्हणजे ज्या दाखल्यासाठी मी तत्त्वाच्या बाजूने उभी राहिले, तो तांदळाच्या एका दाण्याने परत पाठवला होता.

मोठ्या बाईंचा चेहरा मात्र उजळला. एक नवं नाव, पट एकाने वर. त्यांनी प्रवेशाचा फॉर्म काढला (प्रवेशाचे फॉर्म आमच्याकडे कधीच संपत नसत), भराभर भरला आणि हाक मारली, "मावशी! शिक्का आणा!"

मावशी पदराला हात पुसत आल्या, कमरेचा बटवा सोडला, आणि तंबाखूच्या डबीच्या मागून गोल शिक्का काढून टेबलावर ठेवला. आठवडाभर तो माझ्यापासून चार हातांवर खिचडी वाढत होता. मोठ्या बाईंनी तो पॅडवर दाबून प्रवेशाच्या फॉर्मवर मारला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं.

मी माझं पत्र पर्समधून काढून पुढे सरकवलं.

"मारा," मी म्हणाले. "पण थांबा. दाणा काढून मारा. मलाही परत पाठवतील."

त्यांनी नाही म्हणायच्या आत मी साडीची पिन काढून दाणा उकरला. दगडासारखा झाला होता. उडून चहाच्या बशीत पडला. शिक्का नीट उमटतो का हे बघायला मी तो आधी एका रद्दी कागदावर मारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मधला आकडा स्वच्छ दिसला.

तो आमच्या शाळेचा नव्हता. कॅनॉलपलीकडच्या शाळेचा होता.

आम्ही तिघी वाकून बघत राहिलो. मोठ्या बाईंचे ओठ हलत होते. नऊ वर्षांचे दाखले त्या मनातल्या मनात वाचत असाव्यात.

"मग आपला शिक्का?" मी विचारलं.

मावशी जरा चाचरल्या. "एक शिक्का मी उंदराला मारला व्हता. ते सामान आलं तवा. उंदीर गेला, शिक्का पन गेला, गटारीत. मागितला नाय कुनी. खोक्यातला दुसरा टाकला व्हता की डब्यात."

मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं. सुरगाण्याची बाई मुलीच्या रिबिनी बांधत होती. तिचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी शिक्का उचलला, पॅडवर दाबला, माझ्या पत्रावर जोरात मारला आणि पत्र माझ्या हातात कोंबलं.

"जा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता जा. राहिलात तर बोलाल."

"पण मॅडम, नंबर..."

"तुम्हाला शिक्का हवा होता. मिळाला." मग त्या टेबलावर, टेबलाखाली बघू लागल्या. "तो दाणा कुठाय? बाई, दाणा कुठे टाकलात?"

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या, "दाने लय हायत." आणि शिक्का घेऊन स्वयंपाकखोलीकडे निघाल्या.

सोमवारी मी रस्ता ओलांडून जिराफाखालून आत गेले आणि पत्र तिथल्या क्लार्ककडे दिलं. त्याने शिक्का गोल आहे एवढं पाहिलं आणि पत्र फाइलला लावलं. त्या पत्राप्रमाणे मी ज्या शाळेतून बाहेर पडले, तिथे मी एक दिवसही शिकवलेलं नाही. ती नऊ वर्षांपूर्वीच बंद पडली आहे.